नमुना बेचाळीस

पहाटे सव्वातीनला फोन : गाय व्यायली.
बोरीचा पूल ओलांडून पोचले
तोवर वासराच्या अंगावरची ओल
तिने चाटून अर्धी केली होती.

काचेवर चिकाचा एक थेंब,
नळी बल्बकडे धरली.
निळं संपून पांढरं लागतं ती रेघ चोवीसवर.
बावीसच्या वर म्हणजे उत्तम.
वहीत लिहिलं : नमुना एक्केचाळीस.

"काय म्हनस तुनी नळी?" सुपडाबाईने विचारलं.
तिने केव्हाच अंगठा नि बोटामध्ये
चीक ताणून पाहिला होता
आणि वासरू आचळाला लावलं होतं.

आतड्याची दारं तासातासाने मिटत जातात,
यावर माझ्या प्रबंधात सात पानं आहेत.

शेजारी धुडकूची संकरित गाय, तीही रात्रीच व्यायलेली.
वेताला चार हजार लिटर,
चीक मात्र चौदा.
काच पुसून पुन्हा पाहिलं. चौदाच.

मी पेन शोधत होते तेव्हा
सुपडाबाई पितळी तांब्या घेऊन
पऱ्हाट्यांच्या कुडातून पलीकडे गेली.
चोवीसमधला दीड शेर
चौदाच्या वासराच्या तोंडात.

परवा दोघांचं रक्त काढायचंय.
तक्त्यात रकाना एकच : आईचा चीक.
कोणाच्या आईचा, हे विचारलेलं नाही.

उजाडल्यावर पोरं वाट्या घेऊन आली खरवसाला.
"आज नही," एवढंच बोलली ती.
रिकाम्या वाट्या वाजवत पोरं गेली.

बेचाळीससमोरची जागा कोरी आहे.
बोटं अजून चिकट,
वहीचं पान सुटत नाही.