हाक न मारण्याची तालीम

बारावीचा शेवटचा पेपर झाला
आणि आमच्या घरात एक फाईल राहायला आली.
तिच्यावर कुणी चहाचा कप ठेवत नाही,
यांनी तिला दिवाणाच्या पेटीत
माझ्या लग्नाच्या साडीशेजारी झोपवलं आहे.

जातीचा दाखला यांनी मायेपोटी लॅमिनेट करून आणला.
खिडकीतल्या बाईंनी त्यावर नखाने टकटक केलं,
"कायले केलं हे? आता शिक्का कुठं मारू?"
बावीस वर्षं सिटी बस चालवलेला माणूस
इंदोरा चौकात रस्ता चुकल्यासारखा उभा राहिला.
पोरगा म्हणाला, "बाबा, सरका, मी बोलतो."
माझ्या तोंडात तीन वाक्यं तयार होती.
गिळली.

संघर्ष नाव ठेवलं तेव्हा तो पावणेदोन किलोचा,
मेयोच्या काचेच्या पेटीत.
आता दाराच्या चौकटीला डोकं लागतं
आणि कुकरच्या शिट्टीला घाबरतो.

यादी अजून लागायची आहे.
सांगली म्हणा, कराड म्हणा,
एक रात्र आणि वर अर्धा दिवस.
म्हणून वरणाला पाणी किती,
लाल टॉवेलसोबत पांढरा शर्ट का नाही,
आणि ताप आला तर आधी मला फोन नाही,
आधी शेजारच्या खाटेवरच्या पोराला उठव.
हे शेवटचं सांगताना
मी उगाच कांदा चिरायला घेतला.

एक तारखेला यांनी पाकिटात चार हजार दिले,
"महिनाभर पुरव."
अकरा तारखेला पाकीट रिकामं.
तर्री-पोहे, मोबाईलचं कव्हर,
आणि कुण्या मित्राला उसने हजार, जे येणार नाहीत.
यांनी एक रुपया वाढवला नाही.
उरलेला महिना तो बहिणीच्या गुलाबी सायकलवर
अभ्यासिकेत गेला, शेचाळीस डिग्रीत, डोक्याला दुपट्टा बांधून.
मी यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी बोलले, कारण सिलिंडर संपलं.

सतरा वर्षं सकाळ म्हणजे माझा आवाज.
पहिली हाक गोड, दुसरी साधी,
तिसऱ्या हाकेला शेजारचे उके काकासुद्धा उठत.
सोमवारपासून ती बंद केली.
साडेदहाला उठला, चादर फेकली,
"उठवलं काऊन नाई मले?"
मी पोळी उलटवली.
तिथं कोण उठवणार आहे, हे ओठांवर होतं.
तेही तव्यावरच राहू दिलं.

काल रात्री तीनला कूलरचा आवाज बदलला.
टाकी कोरडी, पंप रिकामा घरघरतोय.
मी उठणार, तर अंधारात यांनी मनगट धरलं,
म्हणजे हेही जागेच.
आम्ही दोघं चोरासारखे पडून राहिलो.
चपलांचा आवाज. नळाखाली बादली.
एक. बऱ्याच वेळाने दुसरी.
काहीतरी सांडलं, कुणाला तरी शिवी बसली.
मग पाणी पुन्हा खसावरून उतरू लागलं
आणि पायांना आज जरा जास्तच गार लागलं.

सकाळी पाहिलं,
कूलरचं तोंड त्याने आमच्याकडे वळवून ठेवलं होतं
आणि स्वतः पलीकडे घामाने चिंब,
साडेसात वाजले तरी ढाराढूर.

हाक मारली नाही.
भांडी तेवढी जरा
जोरात ठेवली.