शेरा

जिल्हा परिषदेच्या दुसऱ्या मजल्यावर
मी जाहीर सूचना लिहिते.
'सर्व पालकांना कळविण्यात येते की'
इथवर हात आपोआप जातो.

सोबत पुढच्या तीन वर्षांच्या पटाचा अंदाज हवा,
तालुकावार, सोमवारपर्यंत.
सुरगाण्याच्या एका पाड्यापुढे संगणक म्हणतो चार,
मग दोन, मग शून्य.
शून्याला शाळा समायोजित होते.
'बंद' हा शब्द आम्ही वापरत नाही.

भोये गुरुजींचा फोन आला.
"मॅडम, चार नाही, एकोणीस.
पंधरा जणं दिंडोरीला गेलीत, आईबापामागं,
द्राक्षाच्या विरळणीला.
होळीला येतील.
तुमच्या कागदात होळी कुठं टाकू?"

मी रकाने चाळले.
दिनांक होता. होळी नव्हती.
शेऱ्यात लिहिलं : पैकी १५ द्राक्षबागेत.
साहेबांनी 'द्राक्षबागेत'खाली लाल रेघ ओढली,
म्हणाले, ही शाळा कुठली?

सूचना छापून गेली.
एसटी स्टँडवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर,
तहसीलच्या जिन्यात, चहाच्या टपरीआड.

रविवारी गुरुजी मोटारसायकल काढून
वणीच्या रस्त्यानं बागेबागेत हिंडले.
फोन चालूच होता खिशात, की मुद्दाम ठेवला,
मला ऐकू येत होतं :
जयत्याऽ, मंगळीऽ, तुळशेऽ...
आणि वेलींच्या मांडवाखालून कुठून तरी, 'ओ गुर्जी'.

मी मागच्या कोऱ्या कागदावर रेघा मारत गेले.
अकरा झाल्या.
उरलेल्या चौघांचं
गुरुजी अजून विचारताहेत.