तिसऱ्या बेसवर कुणीतरी

मार्चचा तिसरा शनिवार. सरोवर अजून गोठलेलं,
मैदानात गुडघाभर बर्फ.
तरी आम्ही नऊजण आलोच.
नऊ हा आकडा कुणी ठरवला नव्हता.
फावडी, कॉफीचे थर्मास, आणि व्हर्नाच्या ट्रकमधून उतरवलेलं
ते बर्फ उडवायचं केशरी यंत्र,
जे तीनदा खाकरतं आणि मान टाकतं.

पहिला सामना वीस दिवसांवर.
बॉइडने तासही मोजलेत.
"यंदा..." तोइवो म्हणतो, आणि थांबतो.
ॲश बेमध्ये 'यंदा'च्या पुढे
फारसं कुणी बोलत नाही.

सतरा वर्षं आमचे हेरन्स शेवटचे,
एकदाच शेवटून दुसरे.
त्या वर्षी मिरवणूक निघाली,
पुढे आगीचा बंब, मागे बँड.
बँड म्हणजे मी आणि माझा ट्रम्पेट.

मग विषय निघतोच, दरवर्षी कुठला तरी निघतो,
यंदा तो धुक्याचा.
सप्टेंबर, मोसमाचा शेवटचा दिवस,
आठवी इनिंग, बरोबरी, दोन आउट.
सरोवराकडून धुकं चालत आलं.
आधी सेंटर फील्डर गेला,
मग दुसरा बेस,
मग पिचर,
मग पंच आपल्याच हाताकडे बघत उभा राहिला.
भोंग्यातून आवाज आला,
घरी जा मंडळी, गाड्या जपून चालवा.
तो सामना पुढे कुणी खेळलंच नाही.

पण आपला माणूस तिसऱ्या बेसवर होता.
यावर नऊच्या नऊ जणांचं एकमत.
कोण होता, यावर मात्र नऊ मतं.

पाओ शिओंग छातीवर हात ठेवून सांगतो, माझा भाचा तेंग.
(तेंगला विचारलं तर तो म्हणतो,
मामा, मी तेव्हा बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत होतो.)
बॉइड म्हणतो, शाळेतला तो गणिताचा मास्तर.
तोइवोला लाल मोजे आठवतात. फक्त मोजे.
शेवटी सगळे माझ्याकडे बघतात,
कारण सव्वीस वर्षं धावांची वही माझ्याकडे.
वही आहे. पानही आहे.
पण त्या चौकटीत कागद दमटून फुगलाय
आणि पेन्सिल पसरलीय,
कुणी फुंकर घातल्यासारखी.

व्हर्ना इतका वेळ गप्प.
यंत्राच्या पोटात हात घालून
तार की दोरी काहीतरी ओढत होती.
मग म्हणाली, तो ऑर्विल असेल.
बेसच्या बाजूला उभं राहून
धावणाऱ्यांना हातवारे करणारा ऑर्विल.
धुक्यात बाकी कुणीच दिसत नव्हतं,
फक्त हात दिसत होता, गोल गोल फिरणारा,
ये, ये, ये.
तुम्ही त्यालाच पाहिलंत.

जानेवारीत आम्ही त्याला पुरलं तेव्हा
जमीन इतकी कडक होती की
आधी दोन दिवस तिच्यावर शेक द्यावा लागला.

कुणी काही बोललं नाही.
पाओने कॉफी ओतली, थोडी सांडली,
बर्फात तपकिरी भोक पडलं.

दुपारी तीनच्या सुमाराला
माझं फावडं रबरावर खट् वाजलं.
हिवाळ्यात बेस काढून ठेवतात,
जमिनीत उरतं ते चौकोनी भोक
आणि त्यावर काळं बूच.
तिसरा बेस. सापडला.
आम्ही टोळक्याने भोवती उभे राहिलो,
हातमोजे काढावेत की नाही,
कुणालाच कळेना.

व्हर्ना आली. एक्काहत्तर वर्षांची,
उजव्या गुडघ्यात लोखंड,
अंगावर ऑर्विलचं जाकीट, बाह्या दुमडलेल्या.
बुचावर एक बूट टेकवला,
दुसरा पुढे,
हात मांड्यांवर, नजर घराकडे.
घर म्हणजे नव्वद फुटांवरचा
अजून न उपसलेला एक उंचवटा.

वारा सरोवरावरून येत होता, स्वच्छ,
पार कुंपणापर्यंत सगळं दिसत होतं.

ती ओरडली,
"अरे, बघताय काय नुसते?
कुणीतरी मारा की!"

आणि बॉइडने खरंच
फावडं खांद्यावर घेतलं.