भरतीची खूण

ससून डॉकच्या मागे पालिकेचा दवाखाना,
खोली नंबर चार. मी तिथला ड्रेसर.
बावीस वर्षांत आयोडीन माझ्या नखांत मुरलंय.
बायको म्हणते, हळदीचं लग्न तुझं रोजच.

द्रुपदा तांडेल आली, हात पदराखाली,
उसनं भांडं परत आणावं तसा.
कोलंबीचा काटा, तर्जनीत, शुक्रवारी.
त्यावर चुना. मग हळद. मग नातवाची टूथपेस्ट.
आज सोमवार,
आणि हात पापलेटच्या पोटासारखा ताणलेला,
चकचकीत, मनगटापर्यंत तांबडा.

"पिकलं काय रं?"
मी बोटाच्या पाठीनं पाहिलं. ऊन. कडक. पू नाही कुठंच.
गळू असतं तर सोपं होतं,
गळवाला तोंड असतं,
डॉक्टरबाई चीर देतात, मी कापूस धरतो, माणूस शिव्या देतो, संपलं.
ही लाली बिनतोंडाची.
कातडीखालून चालत राहते.

बाईंनी ताप पाहिला, काख चाचपली,
बोट टोचून साखर काढली. दोनशे अडतीस.
द्रुपदाला ती आजच कळली.
गोळ्या लिहिल्या, सात दिवस, सकाळ-रात्र.

मी खिशातलं बॉलपेन काढलं
आणि लालीच्या काठाकाठानं रेघ ओढली,
बाजूला वेळ लिहिली, अकरा वीस.
"आता गोंदवतोस का मला?"
म्हटलं, उद्या लाली हिच्याबाहेर गेली,
दंडावर तांबडी दोरी चढली, हुडहुडी भरली,
तर माझ्याकडे येऊ नका,
सरळ मोठ्या हॉस्पिटलात.
ती रेघेकडे बघत राहिली.
"भरतीची खूण करतोस, असं सांग ना."

गुरुवारी आली तेव्हा माझी रेघ नव्हती.
हात उशीवर उंच ठेवा, सांगितलं होतं.
तिनं तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून
बर्फाच्या टोपलीशी नेला होता.
पण मनगटावर काजळाच्या तीन रेघा,
एकीच्या आत एक,
रोज संध्याकाळी एक, नातीकडून काढून घेतलेली.
धक्क्याच्या दगडावर पाणी उतरल्याच्या खुणा असतात, तशा.
"ओहोटी लागली," ती म्हणाली,
आणि पदराची गाठ सोडली.
नऊ गोळ्या. काल रात्रीपासून बंद.
शेजारच्या वेदूसाठी ठेवलेल्या,
त्याच्या नाकाखाली मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्यात.

मी रागावणार होतो. आवाज चढलाही होता.
मग विचारलं,
"ओहोटी लागली म्हणजे दर्या आटला का, मावशी?"
तिनं उत्तर दिलं नाही.
माठावरचा पेला घेतला, एक गोळी गिळली,
बाकीच्या परत गाठीत.

वेदूला शुक्रवारी घेऊन आली, कानाला धरून.
कोमट पाण्याचा बोळा ठेवून खपल्या भिजवल्या,
ओढल्या नाहीत. मलम.
टॉवेल वेगळा, नखं कापा,
धाकटीचा पापा घ्यायचा नाही चार दिवस.
"आणि माझी रेघ?" पोरगं विचारतं.
याला रेघ लागत नाही, म्हटलं.
फार वाईट वाटलं त्याला.

सोमवारी ती आली नाही.
मंगळवारी टेबलावर वर्तमानपत्राची पुडी होती,
सोललेली कोलंबी, पाव किलो तरी,
आणि वर, पाण्यानं भिजलेली, गोळ्यांची रिकामी स्ट्रिप.

मी आधी स्ट्रिपची भोकं मोजली.
मग कोलंबीचा वास घेतला.