टेबलाखालची मुलगी

पान दुसरं, चौकट चौथी.
टेबलाखाली एक मुलगी, दोन वेण्या,
गुडघे हनुवटीशी.
वर विमान काढलेलंच नाही. फक्त
फळीवरच्या कपांना दुहेरी कडा,
म्हणजे ते थरथरतायत हे कळावं.

तीन महिने झाले, एस्तेलीतलं
एकोणऐंशी साल काढत बसले आहे.
रस्ता सोपा गेला.
आमच्या गल्लीत सिमेंटचे षटकोनी ठोकळे होते,
हुकूमशहाच्याच कारखान्यातले.
तेच पहारीने उपटून लोकांनी
त्याच्याविरुद्ध छातीएवढी भिंत रचली.
पाच पोरं, एक लंगडा शिंपी
आणि दोन्या एउसेबिया,
शिव्या घालत ठोकळे पुढे सारणारी:
"उद्या माझ्या दारातला मला परत पाहिजे, सांगून ठेवते!"
नंतर बसवले सगळे परत.
तिच्या दारातला अजून हलतो.

कागद कुठला तेव्हा.
आई चिरूट वळायची त्या कारखान्यातून
खोक्यांवरची सोनेरी लेबलं आणायची, फसलेल्या छपाईची.
त्यांच्या पाठीवर मी काढायचे
घोडा, हेलिकॉप्टर, पुन्हा घोडा.
उरियेल म्हणायचा, तुझ्या हेलिकॉप्टरला शेपूट घोड्याची आहे.
त्याचे कान काढणं हा एक छळ.
असे बाहेर आलेले, की चौकटीला अडकतात.
बाराव्या वर्षी तो कंदील घेऊन डोंगरात गेला,
म्हाताऱ्यांना अक्षरं शिकवायला.
सतराव्या वर्षी त्याच डोंगरात,
कंदील नव्हता तेव्हा.

ट्रकच्या मागच्या फळीवर चढणारा उरियेल: एक चौकट.
पुढच्या चौकटीत आई, चिरूट वळताना.
मध्ये बोटभर पांढरी पट्टी.
तिच्यात मी काही काढलं नाही.
अकरा महिने आणि सरकारचं एक पत्र
तिथे आरामात मावलं.

काल आईला सगळं दाखवलं.
चष्मा लावून बसली. ऐंशीच्या घरातली.
"माझे हात भाजलेत का इथे?"
नाही, ती तंबाखू आहे. रंग नाहीये पुस्तकात,
म्हणून रेघा दाट मारल्यात.
"नाक माझ्या सासूचं दिलंयस."
मग दुसऱ्या पानावर आली आणि थांबली.

"तू नव्हतीस इथे."

कुठे?

"टेबलाखाली. तुला मे महिन्यातच
कोंदेगाला धाडलं होतं, मावशीकडे,
घेवड्याच्या पोत्यांवर बसवून.
टेबलाखाली तो होता.
तू परत आलीस तर आठवडाभर तेच,
रात्री अंथरुणात, कप कसे वाजले,
भिंतीचा चुना कसा तोंडात आला.
मी ओरडायचे, झोपू दे रे तिला."

मी भांडले.
चुन्याची चव मला आठवते, म्हटलं.
अजून. दातांत.
"चवसुद्धा त्यानेच सांगितली,"
असं म्हणून तिने पान उलटलं,
तंबाखूचं पान तपासायची तसं,
अंगठा शिरेवर ठेवून,
कुठे फाटलंय का बघत.

रात्री दिवा लावून पुन्हा बसले.
गुडघे तेच ठेवले. हनुवटी तीच.
आम्हा दोघांची हनुवटी आजोबांची आहे.
पांढऱ्या शाईने आधी डावी वेणी, मग उजवी.
मग कान.
ते चौकटीबाहेर गेले, जाऊ दिले.

"मी" कुठे लिहायचा तेवढं राहिलंय.
खालच्या ओळीत अजून तोच शब्द आहे,
आणि खोडरबर हातात घेऊन मी
चहा दोनदा गार केला.

छापल्यावर दिसणार नाही कुणाला.
पण मूळ कागदावर पांढरी शाई जरा वर राहते.
डोळे मिटून बोट फिरवलं तर
त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना
माझ्या वेण्या लागतात.