पातळी ५४८.३५

सर्व्हेच्या दिवशी बाभूळ होती अजून.
तिच्या काट्यांत, माझा हात पोचेल त्याच्याही जरा वर,
दुधाची एक रिकामी पिशवी अडकली होती,
उन्हानं छपाई उडून गेलेली.
तांबोळीनं बुंध्याला स्टाफ लावला,
दुर्बिणीला डोळा लावून म्हणाला,
"पाणी इथवर येऊन गेलंय, मॅडम."
मी वहीत लिहिलं : ५४८.३५.

मग मुरूम आला.
दीड महिना डंपर, रात्रपाळीसुद्धा.
म्हाळुंग्याची ती खोलगट जमीन
रस्त्याच्या बरोबरीला आली, मग रस्त्याच्याही वर.
बाभूळ कधी गेली ते पाहिलं नाही.

शेजारून ओढा वाहतो.
जुनी माणसं त्याला खापरओढा म्हणतात,
नकाशात तो नाला क्रमांक सात,
माझ्या ड्रॉइंगवर
नऊशे मिलिमीटरचे दोन पाइप.
नावं अशीच बारीक होत जातात,
पाणी मात्र होत नाही.

निळ्या रेषेच्या आत काही बांधायचं नाही.
लाल आणि निळीच्या मध्ये बांधता येतं, अटींवर.
आमचा प्लॉट मधला.
अट म्हणजे मी.

मीटिंगमध्ये मी समजावलं :
मुळशीतून विसर्ग वाढला की मुळा फुगते,
आपल्या पाइपाचं तोंड बुडतं,
झडप मिटते, मिटायलाच हवी,
नाहीतर नदी आपल्याकडे येईल.
पण तेव्हा आपल्या छतावरचा, फरशीवरचा,
चार एकरांचा पाऊस जाणार कुठे?
म्हणून ही टाकी. सहाशे घनमीटर.

रासकर आर्किटेक्टनं पट्टी ठेवून मोजलं.
"हिच्यात चौदा गाड्या बसतात."
मी म्हणाले, पाणीसुद्धा दोनच तास उभं राहणार आहे,
त्याचंही पार्किंग धरा.
सगळे हसले.
चहा आला, खारी आली,
टाकी तीनशे दहावर आली,
उरलेलं पाणी पंपांवर ढकललं.
मी आकडे पुन्हा मांडले. बसत होते,
जेमतेम, जशी शेवटच्या माणसाला
रिक्षात मांडी मिळते.
सही केली.

जून उजाडायच्या आत तळघर तयार झालं.
वरती काचा लागत होत्या, दुकानांची नावं चढत होती.
मी लाल रंगाचा डबा घेऊन खाली गेले.
हे कुठल्या नियमात नाही,
नुसतं वहीतलं पान स्वस्थ बसू देत नव्हतं.
खांबावर लेव्हल उतरवून घेतली
आणि शिडीवर चढून रेघ मारली : ५४८.३५.
माझ्या डोक्यावर तीन-साडेतीन हात.

पंपावरचा बिराजदार जेवत होता.
अक्कलकोटकडचा माणूस,
पाण्याशी त्याची ओळख टँकरपुरती.
डब्याचं झाकण लावून उठला.
रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"हे काय, मॅडम?"
मी सांगितलं. बाभूळ, पिशवी, सगळं.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
खांबापासून चालत भिंतीशी गेला,
स्टार्टरच्या पेटीवर हात ठेवला,
हिरवं बटण त्याच्या छातीशी,
आणि पुन्हा रेघेकडे मान वर केली.
"मग हे खाली का?"

सहाशेचे तीनशे दहा झाले ते मला माहीत होतं.
त्यावर मी भांडले होते, त्याच्या मेल आहेत.
ही पेटी कुणी खाली ओढली नव्हती.
ती माझ्याच हातानं काढलेली होती,
फरशीपासून एक पूर्णांक दोन मीटर,
हाताला सोपं पडावं म्हणून,
कॉपी करून, जुन्या कुठल्या तरी कामातून.
पाणी चढेल तेव्हा
या माणसानं त्यात उतरून
ते बटण दाबायचं होतं.

त्या रात्री ड्रॉइंग उघडलं. सुधारणा क्रमांक सात.
पेटी रॅम्पच्या वरच्या वळणावर,
रेघेच्या बरीच वर, छपराखाली.
कुणीच हरकत घेतली नाही.
जागा जात नव्हती,
फक्त वायर जास्त लागली,
सव्वीस मीटर.