दर शनिवारी स्वागत

शनिवारी सिन्योरा दुपारची झोपली की
मी स्वयंपाकघरातला सगळ्यांत खालचा खण उघडते,
चमच्यांमागून जुना फोन काढते, चार्जरला लावते.
तो आधी थरथरतो, मग उजळतो,
आणि दर शनिवारी न चुकता मला सांगतो :
इटलीत आपलं स्वागत आहे.

अकरा वर्षं झाली, बाबा.
बारीच्या बंदरावरचे मासेवाले मला नावानं हाक मारतात,
सिन्योराच्या गोळ्यांच्या वेळा मी झोपेत सांगेन,
तिच्या मेलेल्या नवऱ्यावरचा तिचा रागसुद्धा मला पाठ आहे.
पण ह्या नंबराच्या लेखी
मी आत्ताच बसमधून उतरलेय,
हातात चौकडीची पिशवी, तोंडात इथला एक शब्द नाही.

झाझा म्हणतो, आई, बंद कर तो.
हल्ली फुकटात बोलता येतं, चेहऱ्यासकट.
तो वॉर्सात ट्रक चालवतो. त्याचा हा चौथा नंबर.
आधीचे त्यानं कात टाकावी तसे टाकले.
मी हो म्हणते.
आणि दर तीन महिन्यांनी माझी भाची खातिया
झेस्ताफोनीच्या बाजारातल्या मशीनमध्ये
पाच लारी सरकवते.
नाही सरकवले तर नंबर दुसऱ्या कुणाला देतात म्हणे.
पाच लारी. तीन लांब पाव.

बँकेत हाच नंबर आहे.
दवाखान्यात, गुरामच्या शेवटच्या कागदावर,
'कुणाला कळवायचं' ह्या रकान्यात हाच.
आणि आमच्या पत्र्याच्या फाटकावर,
निळ्या रंगात, माझ्या हातानं : अक्रोड मिळतील.
खाली आकडे. शेवटचा सात एकासारखा दिसतो,
रंग संपत आला होता.
निम्मी गिऱ्हाइकं त्यामुळे भलतीकडेच जात असणार.

इथले लोक फोन उचलला की म्हणतात, तयार.
आम्ही म्हणतो, ऐकतेय.

ऑक्टोबरात तो वाजला.
ऐकतेय, म्हटलं.
एक माणूस. गाडीचं इंजिन चालूच.
अक्रोड आहेत का?
म्हणणार होते, नाहीत, मी समुद्रापलीकडे आहे.
विचारलं, कसे दिसतायत?
ताई, रस्त्यावर पडलेत, चाकांखाली फुटतायत,
सालं पार काळी झालीत.

मी माझ्या बोटांकडे पाहिलं.
पूर्वी नाताळ उलटेपर्यंत काळी असायची ही,
साबण म्हणू नका, राख म्हणू नका, कशानं निघत नसत.
आता ब्लीचनं पांढरीफटक.

किलोला काय भाव?
अकरा वर्षांपूर्वीचा भाव ओठांवर आला.
हसेल, म्हणून थांबले,
हिशेब करू लागले,
आणि पाच लारी संपले.

खोलीत फक्त सिन्योराचं घोरणं.

आठवडाभर मी भाव ठरवत होते,
जिना पुसताना एक, तिचे केस विंचरताना दुसरा.
खातियाला काही बोलले नाही. काय बोलणार?

पुढच्या शनिवारी आधी स्वागत झालं.
मग त्याच्यामागून हा :
'भाव कळला नाही. दहा किलो नेले.
पैसे फाटकाच्या आत विटेखाली.
कुत्रा तुमचाच ना? गाडीमागे वळणापर्यंत आला.'

आमच्याकडे कुत्रा नाही.
कधीच नव्हता, गुरामला चालत नसे.
मग तिथे राहतं कोण?
कुणाची वाट अडवतं, कुणाला सोडायला जातं?

सिन्योरा उठली, पाणी मागितलं, दिलं.
मग दुसऱ्या फोनवरून, चेहऱ्यासकट, खातियाला गाठलं.
विटेचं नाव काढलं नाही.
म्हटलं, ह्या वेळी दहा टाक.
ती म्हणाली, आत्या, दहा कशाला?
म्हटलं, टाक गं,
एका कुत्र्याबद्दल उत्तर द्यायचंय.